स्वाइन फ्लू करू नकोस

बशीतल्या चहावर नानांनी फुंकर घातली की चहाचा पृष्ठभाग या काठापासून त्या काठापर्यंत शहारायचा. आज तो मध्यापर्यंत शहारला आणि तिथेच थांबला. नानांनी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा फुंकर घातली. पुन्हा मध्यापर्यंतच. मग चहा निवलाच आहे अशा थाटात त्यांनी बशी ओठांना लावली आणि जीभ भाजल्याचं लपवलं.

त्यांच्या लेकीने, नीरजाने, ते पाहिलं आणि ती स्वतःचा डबा भरायला वळली. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने नाना दवाखान्यात होते. घरी आले, जेवू लागले, हळूहळू जिनाही चढू लागले. पण फुप्फुसाचा एक कोपरा तिथेच राहून गेला, असं तिला वाटे. कुठल्याही अहवालात तसं लिहिलेलं नव्हतं. बशीत मात्र ते दिसत होतं.

"बघतेस काय?" नाना म्हणाले. "चहा छान झालाय."

"गरम आहे."

"चहा गरमच असतो. गार असला की त्याला चूक म्हणतात."

बेल वाजली. केदार, तिचा मोठा भाऊ, विश्रांतवाडीहून आला होता. नानांच्या परवाच्या कार्यक्रमासाठी त्याने कंपनीतून रजा घेतली होती. एका हातात नानांसाठी नवा रेशमी कद, दुसऱ्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. चप्पल काढता काढताच तो म्हणाला, "नीरजा, हे वाच. मोठ्याने वाच, म्हणजे नानांनाही ऐकू जाईल."

पहिल्या पानावर खाली एक चौकट होती. डावीकडे नवा आजार : जगभरात आतापर्यंत पाच हजारांच्या आत मृत्यू. उजवीकडे साधा फ्लू : दरवर्षी तीन ते साडेसहा लाख मृत्यू. आणि खाली ठळक अक्षरात, 'सावध राहा, घाबरू नका'.

"बघ," केदार म्हणाला. "पाच हजार कुठे, साडेसहा लाख कुठे. फ्लूसाठी आपण कधी कुणाचं कार्य पुढे ढकललंय? तुझंच शास्त्र सांगतंय."

"हे शास्त्र नाही. चौकट आहे."

नाना बशीत हसले.

"दादा, पुण्यातच पेशंट सापडलेत. सोमवारी दोन होते, आज आठ-दहा आहेत."

"चाळीस-पन्नास लाखांच्या गावात! अगं, आठ-दहा माणसं रोज लक्ष्मी रोडला गाडीखाली येता येता वाचतात."

"फ्लूचे हे आकडे कुणी मोजलेले नसतात. ते नंतर अंदाजाने काढतात. आणि हे पाच हजार एकेक तपासून मोजलेत. ज्यांची तपासणीच झाली नाही ते यात नाहीतच. मग दोन्ही शेजारी कसे लिहायचे?"

"बरं. मग खरा आकडा किती?"

नीरजाने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "माहीत नाही," ती म्हणाली.

"संपलं तर मग," केदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटका होती. "तुला माहीत नाही, मला माहीत नाही, पेपरवाल्यांना थोडं तरी माहीत आहे. उगाच स्वाइन फ्लू करू नकोस."

हा या घरातला वाक्प्रचार होता. बाहेर कुणाला तो कळला नसता. डिसेंबरात छत्री घेऊन निघणं, गॅस बंद आहे का ते दुसऱ्यांदा पाहणं, दूध नासायच्या आत विरजून टाकणं, या सगळ्याला त्यांच्याकडे 'स्वाइन फ्लू करणं' म्हणत. केदारच्या मुलीनेही तो उचलला होता. शब्द कुठून आला ते तिला सांगावं लागलं होतं.

२००९चा ऑगस्ट. शहरातल्या शाळा-कॉलेजं बंद, रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, तपासणीसाठी रांगा. आई भूगोल शिकवायची. तीन समुद्र जिथे भेटतात ते टोक तिने तीस वर्षं नकाशावर छडीने दाखवलं होतं, आणि निवृत्तीनंतर नानांनी कन्याकुमारीची तिकिटं काढली होती. नीरजा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली, लॅबमध्ये नोकरीला. तिने केदारला सांगितलं, त्यांना जाऊ देऊ नकोस. गाडीत दोन दिवस चाळीस अनोळखी माणसांबरोबर, नको. घरात तिच्या शब्दाला त्या वेळी वजन होतं. तिकिटं रद्द झाली. महिन्या-दीड महिन्यात भीती ओसरली. त्यांच्या ओळखीतलं कुणीही दगावलं नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आई हृदयविकाराने गेली.

नानांनी तिला त्याबद्दल एक अक्षर ऐकवलं नव्हतं. केदारनेच कधीतरी चेष्टेत तो शब्द काढला आणि चेष्टेतच तो घरात राहिला.

"कद नेसून दाखवा नाना," केदार म्हणत होता. "आखूड झाला तर आजच बदलून आणतो."

नीरजा चपला घालून बाहेर पडली.

*

ती काम करायची ती लॅब घराजवळच, नारायण पेठेत होती. दोन खोल्या, एक बाक, आणि आत डॉ. रणजित भावे. नीरजा तिथे एकवीस वर्षं होती. तिचा दिवस सूक्ष्मदर्शकावर वाकून जायचा. पेशी मोजायच्या, आकडा लिहायचा, शंका आली तर पुन्हा मोजायच्या. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची चौकशी आता नातेवाइकांनीही सोडली होती.

आज बाहेरचा बाक भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"कुणी बसू नये म्हणून," डॉक्टर म्हणाले. "एक-एक जण आत, बाकीचे जिन्यात."

"सर, एक विचारू? आपल्याकडे इतकी वर्षं माणसं येताहेत. दाखल्यावर मृत्यूचं कारण फ्लू, असं तुम्ही कितीदा पाहिलंत?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "फ्लू? तो कागदावर कुणाला मारत नाही. म्हातारा माणूस, ताप, खोकला, चार दिवसांनी हृदय बंद. कागदावर हृदय लिहितात."

"म्हणजे लाखांचा आकडा..."

"थंडीत नेहमीपेक्षा जास्त किती माणसं गेली, ते वजाबाकीने काढतात. चुकीचं नाही ते. पण ते मोजणं नाही."

"आणि नव्या आजाराचा आकडा?"

"तो मोजलेला. पण पहिल्याच आठवड्यांतला." ते बाहेरच्या बाकाकडे पाहत म्हणाले, "पूर आला तेव्हा पहिल्या तासाला पाणी घोट्यापर्यंतच होतं नीरजाताई. तेव्हा कुणी मोजून म्हटलं असतं, की नळाला दरवर्षी यापेक्षा जास्त पाणी येतं, तर खोटं नसतं ठरलं."

तिने मान हलवली. हे तिला माहीत होतं. तिला ऐकायचं होतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते काय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. कुणीतरी तिच्या वतीने म्हणावं, एवढंच कदाचित.

"सर, परवा येताय ना तुम्ही? नाना विचारत होते."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि तो पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "माझं जमेलसं दिसत नाही. तुम्ही नानांना सांगा, काहीतरी काम निघालं."

"काय काम?"

"काहीतरी."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग डॉक्टर म्हणाले, "माझी आई घरात आहे. चौऱ्याऐंशी." आणि आत निघून गेले.

सूक्ष्मदर्शकावर वाकल्यावर नीरजाच्या लक्षात आलं, की डॉ. भाव्यांनी तिला 'कार्यक्रम करू नका' असं म्हटलं नव्हतं. ते फक्त स्वतः येणार नव्हते. काल रात्री समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंनीही फोन करून 'पाय मुरगळलाय' सांगितलं होतं. ज्यांना कळत होतं ते एकेक करून, काहीही न बोलता, बाजूला होत होते. आणि तीही अजून काही बोलली नव्हती. सकाळी तिने आकड्यांबद्दल वाद घातला होता. कार्यक्रम रद्द करा, हे शब्द तिच्या तोंडून निघालेच नव्हते. आठवडाभर ती ते शब्द तोंडात घोळवत होती आणि आकड्यांबद्दल बोलत होती.

*

दुपारी ती मंगल कार्यालयात गेली. पानांची संख्या पक्की करायची होती. कार्यालयाचे व्यवस्थापक जेवणाऱ्या माणसांना माणसं म्हणत नसत, पानं म्हणत.

"दीडशे सांगितली होती तुम्ही," ते वही न उघडता म्हणाले. "दीडशे ठेवू, वाढवू, का कमी करू?"

"लोक कमी करताहेत का?"

"लोक फोन करताहेत. विचारतात, कार्यालय बंद आहे का हो? मी म्हणतो, उघडं आहे. मग त्यांचा आवाज पडतो." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' "आमची मनाई एवढीच. आजाराबद्दल पाटीवर काही नाही. सगळ्यांना वाटतं आम्ही रद्द करावं, म्हणजे पाहुण्यांच्या शिव्या आम्हाला. आम्ही का करू?"

नीरजाला हसू आलं. मग ती हॉलमध्ये डोकावली. परवासाठी स्टेजवर आधीच एक उंच पाठीची लाल खुर्ची आणून ठेवली होती.

त्या खुर्चीत नाना बसणार. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन. अस्मितावहिनी आणि तिच्या बहिणी कणकेचे एक्क्याऐंशी दिवे करणार, ते ताटात लावणार, आणि मग एकेक जण पुढे येऊन नानांना ओवाळणार. ओवाळायचं म्हणजे हातभर अंतरावर उभं राहायचं, कपाळाला कुंकू लावायचं, बोटांनी पेढ्याचा तुकडा तोंडात घालायचा, वाकायचं. आणि नाना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवणार. दीडशे पानं म्हणजे दीडशे वेळा. एका खुर्चीपाशी, एका तोंडापाशी.

हा आजार पसरावा म्हणून कुणी मुद्दाम एखादी रीत शोधायला बसलं असतं, तरी याहून चांगली सापडली नसती, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की ही रीत कुणी प्रेमाने शोधली होती.

"मग? दीडशे?" मागून व्यवस्थापक.

"संध्याकाळी सांगते."

"सगळे संध्याकाळीच सांगणार आहेत," ते म्हणाले. "आठपर्यंत सांगा. उद्या पहाटे मंडईत भाजी घ्यायची आहे."

*

घराचं दार उघडं होतं आणि आतून मोठमोठ्याने हसणं ऐकू येत होतं. विजयमालामावशी आली होती. आईची धाकटी बहीण, अडुसष्ट वर्षांची, सहलीच्या कंपनीबरोबर युरोप पाहून गेल्या आठवड्यात परतलेली. पायाशी चॉकलेटांची पिशवी.

"आली गं आली, शास्त्रज्ञ आली!" मावशीने हात पुढे केले. तळवे गुलाबी होते. "आज रंगपंचमी आहे, माहीत आहे का तुझ्या सूक्ष्मदर्शकाला? खाली पोरं खेळत होती, मूठभर रंग मागून घेतला. म्हटलं, भाओजींना कोरडं कसं सोडायचं?"

नाना खुर्चीत बसले होते. त्यांच्या दोन्ही गालांवर मावशीची चार-चार बोटं उमटली होती. ते खूश होते. आई गेल्यापासून त्यांना रंग लावायला कुणी आलं नव्हतं.

"मावशी, तू इटलीत पण होतीस ना?"

"दोनच रात्री. पाण्यातलं ते गाव, एवढं ऐकून होते, वास येतो गं तिथे." ती खोकली. तोंडावर हात धरून, शिष्टाचाराने. "हा विमानातला एसी. विमानतळावर कपाळाला बंदूक लावली, म्हणाले, आजी, जा. गेले."

"ताप आला होता का तुला?"

"ऐकलंत भाओजी? सुरू झालं हिचं." मावशीने एक चॉकलेट सोललं, तुकडा मोडला आणि नानांच्या तोंडात घातला. "परवा पहिली मी ओवाळणार हं. ताईच्या जागी मी आहे. अस्मिताला सांगून ठेवलंय."

"अर्थात," नाना तोंडातला घास घोळवत म्हणाले.

मावशी आणखी थोडा वेळ बसली. जाताना तिने नीरजाच्या गालाला लावायला हात पुढे केला. नीरजा मागे सरली. तिचं तिलाच कळायच्या आत. मावशीचा हात हवेत राहिला, मग तिने तो पदराला पुसला. "बरं बाई," ती म्हणाली आणि निघून गेली.

नीरजाने दाराची कडी लावली आणि बोटांकडे पाहिलं. गुलाबी.

कडीवर रंग होता. तिने हात धुतला आणि मग ती जागच्या जागी उभी राहून खोलीकडे पाहू लागली, एखादी काच भिंगाखाली पाहावी तशी. दिव्याच्या बटणावर रंग. चॉकलेटच्या पिशवीच्या कडेला. पाण्याच्या तांब्याच्या गळ्याभोवती एक अख्खं वर्तुळ. तो मावशीने उचलला असणार. टीव्हीच्या रिमोटवर फिकट. तो नानांनी उचलला असणार, गालाला हात लावल्यावर. नव्या कदाच्या घडीवर, नानांच्या चष्म्याच्या काडीवर. सकाळचं वर्तमानपत्र टीपॉयवर होतं. चौकट उघडीच होती, आणि कुणाचा तरी अंगठा साडेसहा लाखांवर पडून गेला होता.

मावशी तासभर होती. तिने मूठभर रंग आणला होता आणि फक्त नानांना लावला होता.

नाना जिभेने ओठांच्या कडेचं चॉकलेट टिपत होते. तिथेही गुलाबी होतं.

"नाना, तोंड धुवा."

"राहू दे गं थोडा वेळ. छान वाटतंय."

"आत्ता धुवा. साबणाने."

तिचा आवाज ऐकून ते मुकाट्याने उठले. न्हाणीघरातून पाण्याचा आणि त्यांच्या धापेचा आवाज येत राहिला. ती फडकं ओलं करून पुसू लागली. कडी, बटण, तांब्या. पुसलेलं पुन्हा पुसलं. जिथे रंग दिसत होता तिथे पुसणं सोपं होतं.

फोन वाजला. केदार.

"कार्यालयवाल्यांनी मला फोन केला. तू अजून पानं सांगितली नाहीस?"

"दादा, मावशी येऊन गेली. तिला खोकला आहे. इटलीहून आलीये ती."

"तिला १९८५ पासून खोकला आहे. बरं, ऐक, बातम्या बघितल्यास का? सिनेमागृहं बंद, जिम बंद, तरणतलाव बंद. कार्यालयांचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही. म्हणजे सरकारलाही तसं वाटत नाही. श्रीरामपूरची मंडळी उद्या निघताहेत. काय सांगू त्यांना?"

नीरजा हातातल्या फडक्याची घडी घालू लागली.

"तू गप्प बसलीस की मला भीती वाटते," केदार म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "स्पष्ट सांग ना. तुला जे म्हणायचंय ते म्हण की एकदा. पण मग मी नानांना नाही सांगणार. मागच्या वेळी आईला मी सांगितलं होतं. तू सांगितलंस मला, आणि मी सांगितलं तिला. तिचा चेहरा मी पाहिला होता, तू नाही."

हे नीरजाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिला वाटत आलं होतं, की आईला नानांनीच सांगितलं असेल.

"दहा मिनिटांनी करते तुला," ती म्हणाली.

नाना तोंड पुसत बाहेर आले. गालांवरचा रंग गेला होता, कानामागे थोडा राहिला होता. ते तिच्या हातातल्या फडक्याकडे आणि मग कडीकडे पाहत राहिले. नाना हवामान खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं सकाळी नेमक्या वेळेला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून त्यांनी आकडे कळवले होते. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ त्यांना समजावून द्यावा लागत नसे.

"कुठपर्यंत गेला होता?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे."

ते खुर्चीत बसले. ती समोरच्या पलंगावर बसली.

"नाना, तुम्ही पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस आणि नुसत्या अंदाजाचा पाऊस एका रकान्यात लिहिला असता का?"

"साहेबाने घरी पाठवलं असतं मला."

"मग सकाळी दादा ती चौकट वाचून दाखवत होता तेव्हा तुम्ही काहीच का नाही म्हणालात?"

नानांनी खिडकीकडे पाहिलं. खाली मुलांच्या पिचकाऱ्यांचा आणि ओरडण्याचा आवाज येत होता.

"कारण मला तो कार्यक्रम हवाय," ते म्हणाले. "चौकट चुकीची आहे ते मला वाचतानाच कळलं. आवडली म्हणून गप्प बसलो. मला आयुष्यात कुणी स्टेजवर बसवलं नाही गं. एकदा लग्नात बसवलं, तेव्हा सगळे तुझ्या आईकडे बघत होते. बरोबरच होतं ते. पण एकदा वाटतं."

"पुढे करू ना. दिवाळीत. पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर," नाना म्हणाले. त्यांनी तो शब्द फक्त उच्चारला. नीरजाला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवलं नाही. पुढे करू, असंच तिने तेव्हाही म्हटलं होतं. आधी हे ओसरू दे, मग जातील, समुद्र कुठे जातोय.

तिला कळत होतं, की या वेळीही काहीच झालं नाही, असं होऊ शकतं. महिन्याभरात सगळं निवळेल, मावशीचा खोकला एसीचाच निघेल, आणि नाना पावसाळा काढतील किंवा काढणार नाहीत. मग घरात एक नवा वाक्प्रचार येईल, किंवा जुनाच आणखी घट्ट होईल. बरोबर ठरण्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता आणि आठच्या आत तो येणारही नव्हता. आणि कार्यक्रम न करण्याचा फायदा असा, की तो फायदा झाला तरी दिसणार नाही. न झालेला आजार कुणी मोजत नाही.

"मी भाषण लिहिलंय," नाना एकदम म्हणाले. "छोटंसं आहे. ऐकतेस?"

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला आणि उभे राहिले. "बसून वाचा," ती म्हणाली. "बसून भाषण करत नाहीत," ते म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरलं आणि समोरच्या पलंगाकडे, एकट्या नीरजाकडे, दीडशे माणसांकडे पाहावं तसं पाहिलं.

"जमलेल्या सर्व आप्तेष्टहो," त्यांनी सुरुवात केली. "गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया मला न्यायला आला होता. पण आमच्या लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी असल्यामुळे तो जिन्यातच दमला." ते हशासाठी थांबले. नीरजा हसली. त्या थांब्यात त्यांनी दोन श्वास घेतले. "मी आयुष्यभर पाऊस मोजला. किती पडला ते सांगितलं, किती पडेल ते सांगायचं काम दुसऱ्यांचं होतं, त्यामुळे लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या नाहीत..."

इथे त्यांना पुन्हा थांबावं लागलं. या वेळी हशासाठी नव्हे. खुर्चीच्या पाठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी पान उलटलं. आईबद्दल दोन ओळी होत्या, केदारबद्दल एक. मग ते म्हणाले, "माझी मुलगी नीरजा. हिला घरात सगळे भित्री म्हणतात. मी म्हणत नाही. मला माहीत आहे, की भिणाऱ्याला..." पुढचा शब्द आला नाही. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि कागद किंचित हलवला, उरलेलं तुझं तू वाचून घे, असं सांगितल्यासारखा.

नीरजा उठली. तिने त्यांच्या कोपराला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि धाप ओसरेपर्यंत त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिली. घाई केली नाही. त्यांची छाती शांत झाली, त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. मग तिने फोन उचलून केदारला लावला आणि नानांना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला.

"हं, बोल," केदार म्हणाला. "काय सांगू?"

"दादा, नाना माझ्यासमोर बसलेत. मी तुम्हा दोघांना एकदमच सांगतेय. नाना, परवाचा कार्यक्रम होणार नाही. मी रद्द करतेय."